तुटला का?

जगात एकही जोड कायमचा नसतो, यावर आमच्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे तेवढी माझी कुठल्या देवावरही नाही. अंबडच्या एका कारखान्यात गाड्यांचे ऑइल कूलर तपासण्यात त्यांचा जन्म गेला. पातळ पत्रे एकावर एक रचून मध्ये दुसरा धातू वितळवायचा, की ते चिकटतात. याला ब्रेझिंग म्हणतात. साडूंचं काम एवढंच, की त्या कूलरमध्ये गरम तेलाचा दाब भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा, असं लाखो वेळा करायचं आणि जोड तुटला की खुशीत आकडा लिहून घ्यायचा. "एका दणक्यात काही तुटत नाही हो. जोड रोज थोडा थोडा दमतो, आणि एक दिवस सुटतो," हे वाक्य त्यांच्या घरी मला चहापेक्षा जास्त वेळा मिळालंय.

नवा कुकर आणला, की त्याचा दांडा वरखाली करून बघ. कपाचा कान हलवून बघ. चांदवडला एका लग्नात मांडवातली घडीची खुर्ची त्यांनी इतक्या वेळा उघडमीट केली, की शेवटी ती मोडलीच, आणि तीही नेमकी नवरदेवाच्या मामाखाली! लोक मामांना उचलतायत, आणि हे महाशय वाकून खुर्चीची चीर बघतायत. आमची ही म्हणाली, "दाजी, निदान अक्षता तरी पडू द्यायच्या होत्या!"

मग ते निवृत्त झाले. यंत्रावर त्यांनी चढवलेला शेवटचा कूलर तेव्हा काही केल्या तुटत नव्हता. शाल-श्रीफळ घेतानाही यांचं सगळं लक्ष त्या आकड्याकडे. घरी बसल्यावर मात्र माणूस पार कोमेजला. मेहुणीबाई रडवेल्या होऊन सांगायच्या, "जेवा म्हटलं तर जेवतात, नाहीतर भिंतीकडे बघत बसतात." फक्त सकाळी दहाला अंगात जीव यायचा. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमना फोन लागायचा.

"तुटला का?"

"नाही सर, चालू आहे."

एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

परवा त्या मॅडम मला भाजीबाजारात भेटल्या. हळूच म्हणाल्या, "काका, तो कूलर सर निवृत्त झाले त्याच आठवड्यात फुटला. पण सांगायला जीभच रेटत नाही."

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी, आता खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून मी साडूंकडे गेलो. त्यांनी फोन नुकताच खाली ठेवला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "कधीच तुटलाय हो तो. एवढे दिवस कुठला जोड टिकतो? सारा जन्म मी काय भजी तळली?"

"अहो, मग रोज विचारता कशाला?"

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"ती बाई माझ्यासाठी रोज खोटं बोलते. ते किती दिवस टिकतं, ते मोजतोय. आज एकशे बारावा."

मी चहा घेतला आणि निघालो.