मधाचं बोट

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतंच. चारचौघांत बोलायची मला लहानपणापासून लाज. म्हणून हे लिहून ठेवते.

गडमुडशिंगीत नांदायला आले तेव्हा सासू शेजारणींना सांगायची, "सून गुणाची हाय, पर तोंडात जीभच न्हाय बगा." आमच्याकडे बाळ जन्मलं की आईच्या दुधाआधी त्याला मधाचं बोट चाटवतात. ज्याचं बोट, त्याचा स्वभाव बाळ घेतं असं मानतात. मला मध चाटवणारी आत्या म्हणे फार अबोल होती. म्हणून मला दिवस गेल्यावर सासूनं आधीच ठरवलं, मध चाटवायचा तो नणंदेनं. नणंद कोल्हापुरात मंडईत भाजी विकायची. तिनं हाक मारली की पलीकडच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक मागं वळायचं.

माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. सिस्टर म्हणाली, "तासाभरात अंगावर घ्या. पहिला चीक वाया घालवू नका. दुसरं काही द्यायचं नाही." मी मान हलवली. ती पुढच्या खाटेकडे वळली आणि नणंदेनं पिशवीतून मधाची बाटली काढली.

"ये गं माझी वाघीण! आईवर जाऊ नगंस, आत्यावर जा," म्हणत तिनं बोट बाळाच्या तोंडात घातलं. आजूबाजूच्या बायका हसल्या. मीपण हसले.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. "पिवळा चीक पोराला पचत न्हाय," म्हणून सासूनं तीन दिवस कापसाच्या बोळ्यानं गूळपाणी पाजलं. माझी छाती दगडासारखी झाली होती. तिनं मला चीक वाटीत पिळायला लावला आणि मोरीत ओतला.

त्याच आठवड्यात म्हैस व्याली. रेडकू धड उभंही राहिलं नव्हतं, तोवर सासूनं त्याला सडाला लावलं. "पयला चीक पोटात गेला न्हाय तर मरतंय की रं ते," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली. मी दारातून ऐकत होते.

चौथ्या दिवशी बाळ माझ्या अंगावर दिलं, तर ते ओढेना. जुलाब लागले होते, टाळू खोल गेली होती. कोल्हापुरात खासगी दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही पाजलं होतं?"

"न्हाय वो, आईचंच दूध," सासू म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं.

पाच दिवसांनी ती गेली. नाव ठेवायचं राहिलं होतं. बिल नणंदेनं भरलं, भाजीच्या धंद्यातले साठ हजार काढून. दवाखान्याच्या जिन्यात बसून ती रडली, तेव्हा तिचा आवाजच फुटत नव्हता. ती वाईट बाई नव्हती.

देवानं नेली, असं सगळे म्हणाले. मीही मान हलवली. दर दहा दिवसांनी डेअरीकडून दुधाचे पैसे आले की थोडे नणंदेचं देणं फेडायला बाजूला पडायचे. तिचे पैसे अंगावर असताना तिला काय बोलायचं, अशी मी माझी समजूत घालायची. खरं तर ती भीतीच होती.

दोन वर्षं गेली. परवा ती उरलेले पाच हजार न्यायला आली. मला सातवा महिना लागलाय. चहा देताना सासू तिला म्हणाली, "ह्या खेपंलाबी मध तूच चाटीव गं."

नणंद कपाकडे बघत राहिली. आणि मी सासूकडे वळून बोलले. "न्हाय, आत्ती. मध न्हाय, गूळपाणी न्हाय. माझाच चीक पाजणार. डॉक्टरांना तुमी खोटं सांगितलंसा आणि मी गप्प बसले. पोरगी आपल्या हातनं गेली."

सासू उठून गोठ्यात गेली. मी नणंदेपुढं पैसे ठेवले. तिनं ते दोनदा मोजले, ओठ हलत होते. मग डोळे पुसून म्हणाली, "बरोबर हायत, वैनी. आता काय द्यायचं ऱ्हायलं न्हाय."