मधातले काका आणि बोटीची वही

लाडू दिला की माणूस तो तोंडात घालतो. आमचे काका आधी तो मधून फोडायचे, आतला भाग उजेडाकडे धरून पाहायचे आणि मग खायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच! यजमानीण दाराआडून बघत असायची आणि आमच्या काकूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोघींचेच लाडू ते न फोडता खात. एक काकूचे, दुसरे माझे. "ह्या दोघी आतून बाह्यरून एकच हायेत," असं कोणीही न विचारता सांगत.

मलकापूरच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाचे पारखी होते. हंगामात फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागे. वरचा कापूस पांढराशुभ्र, आणि आत ओला, नाहीतर पाचोळा भरलेला. काका बाही वर सारून कोपरापर्यंत हात गाडीत खुपसत आणि ओरडत, "वरचं मले नोको दाखवू बे, मधातलं काढ!" म्हणून सगळा बाजार त्यांना मधातले काका म्हणे. त्यांना स्वतःला हे नाव फार आवडायचं.

पाहून झालं की ते चिठ्ठी लिहीत; तिच्यावरून भाव ठरे. चिठ्ठीत आधी मालाचं चांगलं, मग वाईट. "चांगलं आंधी लिहा लागते. नाईतर वाइटावर कोनी भरोसा ठेवत नाई." एकदा जिनाच्या मालकाने एका कास्तकाराच्या चांगल्या कापसाला हलकं लिहायला सांगितलं. काका म्हणाले, "चिठ्ठी नाई बदलत शेठ. पारखी बदलून घ्या." आणि पागोटं उचलून घरी आले. चौथ्या दिवशी मालक स्वतः बोलवायला आला.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. मी त्यांची पुतणी. मला अकोल्याला ठेवून मॅट्रिक करवलं ते काकांनी. आमच्या कुणब्यांच्या घरात मुलीला इंग्रजी शिकवायची म्हणजे लोक तोंडावर हसायचे. काका म्हणत, "हसू द्या. माह्या घरात एक तरी मानूस साह्यबासंग बोलनारं पायजे." हे वाक्य मला आजही टोचतं. का, ते पुढे कळेल.

काकूने उभ्या जन्मात एकच गोष्ट मागितली. तिला समुद्र बघायचा होता. काठावरून नव्हे, मधोमध जाऊन. काका जिनातून मोकळे झाले त्या वर्षी नागपूरच्या इंग्रजी पेपरात एका बोटकंपनीची जाहिरात आली होती. मुंबईहून सिंहलद्वीप आणि परत, खास सफर. ती मीच त्यांना वाचून दाखवली. पहिल्या वर्गाच्या प्रत्येक उतारूस पुढच्या डेकवर आरामखुर्ची, शाकाहारी मंडळींसाठी स्वतंत्र स्वयंपाकी, स्नानास गोडं पाणी. काकांनी तीनदा वाचायला लावली, भाव विचारला आणि म्हणाले, "भाव जबर हाये. पन माल असा असन, तर देऊ." पहिल्या वर्गाची तीन तिकिटं काढली. दुभाषी म्हणून मी.

बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या काकांनी काय केलं असेल? गादी पाहिली! वर रेशमासारखी चादर. त्यांनी नखाने शिवण उसवली, दोन बोटं आत घातली, बोंडभर कापूस बाहेर काढला आणि अंगठ्यांमध्ये ताणून पाहिला. "पाह्य पोरी, कचरा हाये कचरा. जिनात झाडून काढते ना, तो." तेवढ्यात बोटीचा साहेब कारभारी दारात उभा. गादी फाडली म्हणून त्याने आमच्याकडून दंड घेतला. काका दंड द्यायला तयारच होते, "फाडली त मीच," पण आतल्या कचऱ्याचं काय, हे त्यांना विचारायचं होतं. ते मी विचारलंच नाही. मी म्हटलं, माफ करा साहेब, म्हातारे आहेत.

आता ती जाहिरात घ्या आणि एकेक बघा. गोडं पाणी म्हणजे सकाळी एक बादली, बाकी सगळं खारं. अंग पुसलं तरी चिकचिक जाईना. स्वतंत्र स्वयंपाकी म्हणजे तोच स्वयंपाकी, मटण ढवळायचा तोच डाव, आणि वेगळ्या ताटलीत उकडलेला बटाटा. काकू तीन दिवस घरून नेलेल्या दशम्यांवर राहिली. पेद्रू नावाचा एक गोवेकर वाढपी होता, त्याच्या ते लक्षात आलं. त्याने तिचा पितळी तांब्या मागून नेला, स्वतः घासला आणि त्यात गरम दूध आणून दिलं. पुढे रोज. बक्षिसी दिली तर दोन्ही हात मागे घेई. काका म्हणाले, "साऱ्या बोटीत हा एक अव्वल माल हाये."

पण खुर्चीची गोष्ट आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पुढच्या डेकवर वेताच्या खुर्च्यांची रांग होती आणि प्रत्येकीवर नावाची पाटी. साहेबांची नावं, मडमांची नावं, एका मडमेच्या कुत्र्यालासुद्धा उशी! आमची नावं कुठेच नव्हती. कारभाऱ्याने बोटाने मागची बाजू दाखवली. तिथे स्वयंपाकघराच्या धुराड्याखाली तीन खुर्च्या होत्या. काकूच्या लुगड्यावर दिवसभर काजळीचे ठिपके पडत. पुढचा समुद्र दिसायचा नाहीच, दिसायचं ते बोटीमागे राहिलेलं फेसाचं पाणी.

काका आम्हा दोघींना घेऊन कारभाऱ्याकडे गेले. "इचार त्याले. टिकिट एक, भाव एक, मंग जागा दुसरी काऊन?" मी विचारलं, पण कसं? कृपा करून, शक्य असल्यास, गैरसोय नसेल तर. तो हसला आणि म्हणाला, तिकडे तुमच्या लोकांना मोकळं वाटतं. हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. काका जागचे हलेनात. काकूने त्यांची बाही ओढली. "चाला ना आता. समुद्र तठूनबी तोच हाये."

"समुद्र तोच हाये वं," काका म्हणाले. "पन तू पुढून पाह्यासाठी आलती."

दहा दिवस ती धुराड्याखाली बसली. एका शब्दाने कुरकुरली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

मुंबई दिसू लागली तशी उतारूंपुढे अभिप्रायाची वही फिरू लागली. चामड्याचा पुठ्ठा, सोनेरी कडा. काकांचा चेहरा एकदम उजळला. अहो, चिठ्ठी लिहायला मिळणार होती त्यांना! "लिही पोरी," म्हणून ते सांगू लागले. आधी चांगलं : पेद्रूचं नाव आणि त्याचं दूध, बोटीची झाडझूड, कप्तानाची शिस्त. मग वाईट : पाणी, जेवण, गादीतला कचरा, आणि सगळ्यात शेवटी खुर्च्या. "लिही, का माह्या बायकोले तिची जागा देली नाई. पुढच्या मानसाले द्या. नाईतर भाव कमी घ्या."

कारभारी माझ्या डोक्यावर उभा होता. खालच्या ओठाने हसत होता. मी इंग्रजीत लिहिलं, 'सर्व काही उत्तम होते. आम्ही फार आभारी आहोत.'

काकांनी वाकून पाहिलं. "दोनच ओळी?"

"इंग्रजीत थोडक्यात मावतं काका."

"हाव का? मोठी कामाची भाषा हाये बाप्पा." आणि त्यांनी खाली मोडीत सही ठोकली. वळणदार, चिठ्ठीवर करायचे तशी.

मलकापुरात आल्यावर ते ज्याला त्याला सांगत, "वहीत लिहून आलो. आता पुढच्याले खुर्ची भेटन." दुसऱ्या वर्षी काकू गेली. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी हेच सांगितलं. तिला नाही मिळाली, पण तिच्यापायी दुसरीला मिळेल, एवढाच त्यांना आधार होता. बुलढाण्याच्या एका ओळखीच्या वकिलाने हे ऐकलं आणि काकांच्या भरवशावर आपल्या आईला घेऊन त्याच बोटीने गेला.

परत आला तो सरळ काकांच्या ओटीवर. चारचौघं बसलेली होती. मीही होते. "माझी आई दहा दिवस धुराड्याखाली बसली, काका! आणि वही उघडून पाहतो तर 'सर्व काही उत्तम', आणि खाली तुमची सही. किती दिले हो त्यांनी तुम्हाला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मी तोंड उघडायला हवं होतं. सांगायला हवं होतं की ह्या माणसाने जन्मात खोटी चिठ्ठी लिहिली नाही, ती मी लिहिली, एका हसणाऱ्या साहेबाला घाबरून. कसलं काय! मी मान खाली घालून जमीन बघत राहिले. साहेबापुढे गप्प राहिले ते एक वेळ सोडा, आपल्या माणसांपुढे गप्प राहिले त्याला काय म्हणायचं?

"पैसे नाई घेतले वकीलसाह्यब," काका म्हणाले. "पन लिहिलं ते मीच सांगतलं तसं. चुकलं माह्यं. तुमच्या मायले माह्या नावानं हात जोडा."

जिनातून मोकळे झाल्यावरही कास्तकार आणि दलालाचं वाजलं की दोघंही काकांना गाडीपाशी बोलावून नेत. त्या हंगामापासून कोणी बोलावलं नाही. ते फाटकासमोरून जात, गाड्यांकडे बघत आणि हात धोतराच्या सोग्यात धरून पुढे चालू लागत. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. माझ्या लग्नात स्वतः उभं राहून पंगती वाढल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले आणि रव्याचे लाडू केले, काकूच्या हातचे असत तसे. ओटीवर नेऊन एक त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत धरला. माझ्याकडे पाहून हसले, नेहमीसारखेच, मायेने. मग त्यांनी तो मधून फोडला, उजेडाकडे धरून आत पाहिलं, आणि मग खाल्ला.