सोळा आणे बरा

डॉक्टरांनी माझ्या बरगड्यांमधून सुई काढली, पिवळं पाणी उजेडात धरलं आणि म्हणाले, "प्ल्यूरल इफ्यूजन." म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या पिशवीत पाणी साठणं. माझ्या गावी, चिटगुप्प्यात, मी सांगतो, त्या पाण्यात दोन म्हशी पोहल्या असत्या. खरं तर बाटलीभर होतं.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरचं दुसरं वर्ष. गुलबर्ग्याचा दवाखाना. शेजारच्या कॉटवर राजेश्वर गावचा शेतकरी वीरप्पा, त्याला हाच आजार.

डॉक्टर रोज विचारायचे, "आज किती आणे बरं?" पिकाची आणेवारी करतात तसं. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. मी अठरा सांगायचो. वॉर्ड हसायचा. छातीत मात्र कुणी जातं ठेवल्यागत व्हायचं.

वीरप्पा खरं सांगायचा. "सा आणे, सायेब."

एका दुपारी तो रडायला आला. "मास्तर, बायको दिवसात हाय. मला कामून सोडंनात?"

"अण्णा, सा म्हणलास तर कोण सोडतंय? सोळा म्हण. आन् थर्मामीटर लावायच्या आधी गार पाण्याची चूळ भर."

आणेवारी लिहिणारा गिरदावर शेतावर आला की सारा माफ व्हावा म्हणून भरल्या पिकाला चार आणे सांगणारे आम्ही लोक. इथं उलटं करायचं, एवढंच. वीरप्पाला ते लगेच समजलं. तापाच्या कागदावर तीन दिवस ताप चढला नाही आणि त्याला घरी सोडलं. जाताना माझ्या पाया पडला. मीही आशीर्वाद दिला, जसा काही मीच सिव्हिल सर्जन.

दहाव्या दिवशी भावानं त्याला बैलगाडीतून परत आणलं. पाणी दोन्ही बाजूंना झालं होतं, ओठ काळे पडले होते. डॉक्टर वाकले.

"किती आणे, वीरप्पा?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "सोळा," म्हणाला.

संध्याकाळी कॉट रिकामी झाली. लेक झाली होती, तिला बघून आला होता, असं भाऊ म्हणाला.

चूळ भरायला मी शिकवलं, हे डॉक्टरांना मी सांगितलं. सकाळी ते माझ्या कॉटपाशी आले, तेव्हा नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मीच म्हणालो, "तीन आणे." कुणी हसलं नाही. त्यांनी पुन्हा सुई मागवली.

त्या सुईनं मी वाचलो. तुम्ही कधी अशा कॉटवर पडलात, तर डॉक्टरला गिरदावर समजू नका.

म्हशींची गोष्ट मी अजून सांगतो, आता त्या चार झाल्यात. पण कुणी "कसं हाय मास्तर?" म्हटलं, की हात आधी बरगडीवर जातो. मग जेवढे असतील तेवढेच आणे सांगतो. सोळा मात्र तोंडातून निघत न्हाई.