वेढे मोजणारी बाई

नगरपालिकेसमोरच्या फुटपाथवर शकुंतलाबाई जळालेल्या विजेच्या मोटारीत तांब्याची नवी तार भरत होत्या. पालिकेचे साहेब येऊन म्हणाले, "बाई, उद्योगभवनात गाळा हवाय ना? मग कौशल्याचं प्रमाणपत्र कुठंय?"

बाई ओठांतल्या ओठांत तारेचे वेढे मोजत राहिल्या. साहेब ताटकळले. मोजणी संपल्यावर म्हणाल्या, "तुमच्या कौशल्य केंद्रातल्या मास्तरांना हे काम मीच शिकवलंय. विचारा त्यांना!"

बाहेरच्या कारखानदाराला पायघड्या आणि दारातल्या कारागिराकडे कागद मागायचा, याला म्हणे विकास! अहो, शहर अशाच बोटांवर उभं राहतं. बाई कागद आणणार नाहीत. गाळा मात्र घेणारच.

बाईंनी दुसरी मोटार पुढे ओढली. "बसा साहेब. ही तुमच्याच पाणीपुरवठ्याची. संध्याकाळी गावाला पाणी सोडायचंय ना?"