इंगेयेर्दचा प्रिंटर

इंगेयेर्द एकेकच कागद छापायची आणि दर वेळी उठून तो आणायला जायची. प्रिंटर होता हॉलच्या पार टोकाला, कपाटांच्या मागे. ओरेब्रू शहरातल्या आमच्या कचेरीत आम्ही दोघी चौदा वर्षं शेजारी बसून लोकांच्या पेन्शनची पत्रं लिहीत होतो. पूर्वी ती दिवसभराची पत्रं एकदमच छापायची. मग गेल्या हिवाळ्यात तिच्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली. डॉक्टरनं बजावलं, सलग अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. दोन मिनिटं का होईना, चालायचं. तिनं ऐकलं आणि महिन्याभरात पायाची सूज उतरली.

हे फक्त मला ठाऊक होतं, आणि कुणाला सांगणार नाही असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं होतं. उभ्यानं काम करता यावं म्हणून आमच्या टेबलांना वर-खाली करायची बटणं आहेत, पण ती कुणी दाबत नाही. एकटंच उभं राहिलं की सगळ्यांच्या नजरा आपल्यावर. त्यातून स्वतःच्या दुखण्याचं कौतुक सांगणारं माणूस आमच्यात कुणाला आवडत नाही. तेव्हा कागदाचं निमित्त बरं होतं.

घोळ घातला तो आमच्या चांगुलपणानं. तिला नोकरीत पंचवीस वर्षं झाली. आमचा साहेब तूरब्यर्न मनानं लोण्यासारखा. बिचारीची किती पायपीट होते, तिला टेबलापाशीच छोटा प्रिंटर भेट देऊ, असं त्यानं सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कार्डावर मीही मुकाट सही केली, त्याची मला अजून लाज वाटते. तीनच्या कॉफीला केक कापला, गाणं झालं, आणि इंगेयेर्दनं हसून आभार मानले.

त्या दिवसापासून कागद तिच्या कोपराशी पडू लागले. उठायला कारणच उरलं नाही. संडासाला तरी किती वेळा जाणार? दुपारपर्यंत बूट घट्ट व्हायचा, मग ती टेबलाखाली वाकून नाडी सैल करायची. मी म्हटलं, "अगं, सांगून टाक ना त्याला."

"इतक्या प्रेमानं दिलाय," ती म्हणाली. "आता कुठल्या तोंडानं सांगू?"

एका सोमवारी बैठकीत तूरब्यर्न तासभर बोलत होता. मध्येच इंगेयेर्द उभी राहिली. तो थांबला.

"बोल, काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही." तिनं खुर्ची मागे सारली. "मला नुसतं उभं राहायचंय. पायात गुठळी झाली होती माझ्या. अशी बसून बसून मरेन मी."

तूरब्यर्न कानापर्यंत लाल झाला, आधी सांगायचंस ना असं काहीतरी पुटपुटला आणि घाईघाईनं पुढचा तक्ता दाखवू लागला. ती भिंतीच्या कडेनं येरझाऱ्या घालू लागली. माझी कंबर केव्हाची भरून आली होती. मी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, सगळ्यांकडे पाहिलं आणि बसून राहिले.