परातीतले दोन इंपेलर

काळाचौकीच्या कोंडीरामाला इंपेलर निवडायला तीन आठवडे लागतात. इंपेलर म्हणजे तळहातावर मावेल एवढं रबरी चक्र. सहा पाकळ्या आणि मधोमध पितळी बुश. बोटीच्या इंजिनाच्या पंपात बसून ते समुद्राचं पाणी आत ओढतं आणि इंजिन थंड ठेवतं. नागदेवीच्या गल्लीतले दुकानदार कोंडीरामाला लांबून येताना पाहिलं की चहा सांगतात, कारण आता दुपार गेली हे त्यांना ठाऊक असतं. तो प्रत्येक पाकळी उलटी दुमडतो, दहा अंक मोजतो, सोडतो आणि ती कशी उसळते ते बघतो. मग वास घेतो. मग नखाने टोचतो. मग म्हणतो, "दुसरा दाखवा."

"माका बघूक इलात तेव्हा पोहे निवाची पण वाट नाय बघलात," त्याची बायको जाईबाई म्हणते. "पंधरा मिन्टांत पसंत!"

"तू गरम होऊन समुद्रात बंद पडणार नव्हतीस," कोंडीराम म्हणतो.

"घरात पडतंय, ता दिसता खंय तुमका?"

यंदा मात्र कोंडीरामाच्या निवडीला बट्टा लागला होता. धोंडू नाखवाच्या बोटीत त्याने बसवलेले दोन इंपेलर ऑगस्टपासून दोन महिन्यांत फाटले. दुसऱ्या वेळी तर भर समुद्रात इंजिन तापलं आणि दुसऱ्या बोटीने दोरी बांधून धोंडूला भाऊच्या धक्क्यावर आणलं. सगळ्या धक्क्यासमोर. धोंडू उतरला तो थेट कोंडीरामाकडे.

"कोंडीराम, सत्तावीस वर्सं तू माझं इंजिन बघतोस. पन तिसरा गेला ना, तर इंजिन कंपनीच्या मिस्त्रीकडं. मग रागवायचं नाय."

कोंडीरामाने दोष पाण्यातल्या वाळूला दिला आणि नागदेवी गाठली. तीन आठवड्यांनी तो दोन इंपेलर घेऊन घरी आला. एक काळाभोर, तुकतुकीत, पाकळी सोडली की टुणकन जागेवर. दुसरा मळकट आणि ताठर. हा दुकानदाराने "तेलकट पाण्याला हाच" म्हणून जवळजवळ खिशात कोंबला होता. कोंडीरामाने घरी पातेल्यातल्या स्वच्छ पाण्यात दोघांची परीक्षा घेतली. तुकतुकीत पहिला आला. मळकट नापास. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला बोटीत बसायचा, हे ठरलं.

मध्ये खंडेनवमी होती. कोंडीराम सकाळीच धक्क्यावर पंप धुवायला गेला. घरी जाईबाईने हत्यारांची पूजा मांडली. तिचे वडील गिरणीत साच्यांचे, म्हणजे मागांचे, मिस्त्री होते. खंडेनवमीला हत्यारं मशीनच्या तेलात न्हाऊ घालायची, ही त्यांची शिस्त. जाईबाईने ती माहेराहून जशीच्या तशी आणली होती. परातीत नट आवळायचे पाने, पकड, हातोडी, आणि कोणी वगळलं असं वाटू नये म्हणून दोन्ही इंपेलर. वर अर्धा डबा तेल, हळदकुंकू, झेंडू.

कोंडीराम आला आणि परातीवर वाकला.

"अगो, रबराला तेल?"

"तांचा पण वरीसभर काम असता मा?"

"काढतो मी ते."

"हात लावश्यात तर खबरदार! उद्या सोना वाटल्याशिवाय पूजा हलाची नाय."

देव आणि जाईबाई एका बाजूला असल्यावर कोंडीराम वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो परातीभोवती नुसता फिरला, आणि आपट्याची पानं त्याने चाळीत सर्वांत आधी वाटली.

पूजा हलली. मळकट इंपेलर पुसला तर होता तसाच. तुकतुकीत मात्र चांगला फुगला होता. पाकळ्या जाड, चिकट, नखाने टोचलं तर नख रुतेल अशा. पंपाच्या तोंडात तो शिरेच ना. कोंडीरामाने एक पाकळी चिमटीत दाबली आणि त्याला आठवलं. फाटलेले दोन्ही इंपेलरही असेच जाड आणि चिकट निघाले होते. धक्क्याच्या पाण्यावर डिझेलची साय असते. ती त्याने सत्तावीस वर्षं पाहिली होती आणि परीक्षा मात्र नळाच्या पाण्यात घेतली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने साबणाचा हात लावून मळकट इंपेलर पंपात बसवला. इंजिन सुरू झालं. बोटीच्या कुशीतून पाण्याची धार पडू लागली, तेव्हाच तो धक्क्यावर उतरला. बोट आठ दिवसांसाठी गेली. त्या आठ दिवसांत कोंडीरामाने फोन उशाशी ठेवला, आणि तो वाजला नाही.

नवव्या दिवशी बोट आली ती स्वतःच्या इंजिनावर. पंप उघडला. सहाच्या सहा पाकळ्या शाबूत.

"इंजिन तुझ्याकडंच र्‍हाऊंदे," धोंडू म्हणाला. "कसा वळखलास रे हा?"

"अनुभव लागतो," कोंडीराम म्हणाला.

त्या संध्याकाळी तो नागदेवीहून चार नमुने घेऊन आला. घरात येऊन त्याने ते परातीत मांडले, शेजारी तेलाचा डबा ठेवला आणि जाईबाईला हाक मारली.

"आता खंयची नवमी?" तिने विचारलं.

"नवमी नाय. तू घाल तेल. मी हात नाय लावणार."

जाईबाईने पदर खोचला, एकेक नमुना उलटासुलटा केला, वास घेतला आणि म्हणाली, "दुसरे दाखवा."