दाराजवळची खुर्ची

लढाऊ वैमानिक हातांनी बोलतात, हे कुवेतला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. एक तळहात म्हणजे आपलं विमान, दुसरा शत्रूचं. शहरातल्या दस्मान भागातले माझे एक पेशंट, निवृत्त वैमानिक, असेच बोलायचे. पक्षाघातानं त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि त्यांच्या गोष्टीही अर्ध्यावर आल्या.

मी फिजिओथेरपिस्ट. फरवानियाहून गाडी काढून त्यांच्या घरी व्यायाम घ्यायला जायचे. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही. जुन्या कुवेती माणसांसारखं त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. राग मात्र नाकावर. त्या बाबतीत मीही काही कमी नाही, त्यामुळे आमचं जमायचं.

सगळं अडलं होतं दिवाणियात. दिवाणिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची मोठी बैठक. संध्याकाळी मित्र येतात, कहवा म्हणजे अरबी कॉफी पितात. यजमानानं उठून उजवा हात पुढे करायचा, ही रीत. बाबांना उठायलाच इतका वेळ लागायचा की तोवर पाहुणा समोर येऊन ठेपायचा. आजारानंतर पहिल्यांदा ते बैठकीत बसले, तेव्हा लढाईतल्या त्यांच्या जिवलग मित्रानं वाकून तो लोंबता हात स्वतःच उचलून घेतला. किती मायेनं केलं त्यानं! पण बाबांनी तोंड फिरवलं. त्यानंतर ते दिवाणियात गेलेच नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडे पाहत पडून राहायचे, जेवणही नावाला. मुलगा हवालदिल झाला होता.

माझ्याकडे उपाय एकच होता, आणखी व्यायाम. लवकर उठा, लवकर हात वर करा. मी हात धुऊन मागे लागले. ते वैतागले, मग मीही वैतागले. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, तुम हाथ दो."

मी हात पुढे केला. माझा हात शत्रूचं विमान, त्यांचा डावा हात त्यांचं. देशावर आक्रमण झालं तेव्हा धावपट्टीवर बॉम्ब पडले, म्हणून हे लोक चक्क रस्त्यावरून उडाले होते. यांची विमानं जुनी, शत्रूची वेगवान. प्रशिक्षणात शिकवलं होतं, वेग वाढवा, उंची गाठा. "जो किताब पढ़ के भागा, वो गया," बाबा म्हणाले. मग दोन उड्डाणांच्या मधे जमिनीवर खजुराच्या बिया मांडून त्यांनी आपली युक्ती काढली. शत्रू मागे लागला की पळायचं नाही. एकदम वेग मोडायचा आणि वळायचं. वेगात आलेल्याला थांबता येत नाही, तो पुढे निघून जातो आणि आपण त्याच्या मागे. "वो जल्दी, मैं धीरे," असं म्हणत त्यांनी माझा हात पुढे ढकलला.

"तो दिवाणिया में क्यों जल्दी करना, बाबा?" मी फणकाऱ्यानं विचारलं. ते हसले. मग त्यांनी मुलाला हाक मारली.

त्यांची खुर्ची मानाच्या जागी, समोरच्या भिंतीशी असायची. ती त्यांनी दाराच्या आत, अगदी कडेला ठेवून घेतली. घराच्या मालकानं चपलांपाशी बसायचं का, असं मुलगा पुटपुटत होता.

त्या संध्याकाळी मी आतल्या दाराशी पडद्याआड उभी होते. पहिला आला तो तोच मित्र. समोर बघत ताडताड चालत गेला, बाबांच्या पुढून थेट बैठकीच्या मध्यापर्यंत. मानाची जागा रिकामी पाहून थबकला. मागून सावकाश आवाज आला, "अस्सलामु अलैकुम."

तो वळेपर्यंत बाबा उठून उभे होते. डावा हात काठीवर होता आणि उजवा कमरेएवढा वर आला होता. थरथरत होता, पण आपला आपण आला होता.

मित्राला सगळं उमगलं. त्यानं दोन्ही तळहात हवेत धरले आणि एक दुसऱ्याच्या पुढे सरकवला. मग तेवढं अंतर परत चालत आला आणि बाबांशी हात मिळवला, कुठल्याही धडधाकट माणसाशी मिळवावा तसा.

माझे डोळे भरून आले. हात किती वर येतो, हेच मी आजवर मोजत आले होते. तो कुठवर पोचायला हवा, हे आता मी प्रत्येक पेशंटला आधी विचारते. बाबांचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आभार मानायचे म्हणून मी तेव्हा पडदा जरा बाजूला केला, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. पुढचा पाहुणा त्यांच्या समोरून घाईघाईनं आत निघून चालला होता.